१ ते १०,००० मूळ संख्यांचा भिंतीवरचा तक्ता : तीन महिने वापरून झाल्यावर

तर हा रिव्ह्यू एका तक्त्याचा आहे. हो तक्ताच, शाळेत पाढ्यांचा असायचा तसा भिंतीवर लावायचा, फक्त हा मूळ संख्यांचा आहे आणि १ पासून थेट १०,००० पर्यंत जातो. पॅकिंगवर "मूळ संख्यांचं गुपित आता तुमच्या भिंतीवर" असं छापलेलं, अशा वाक्यांना मी सहसा फसत नाही पण यावेळी फसलो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे तक्रारी आहेत, आणि तसंही शोधलंत तर असे तक्ते ढीगभर दिसतील, साचा सगळ्यांचा साधारण हाच, त्यामुळे इथलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

आधी वस्तू कशी आहे ते सांगून टाकतो. १०० आडव्या रांगा, रांगेत १०० चौकटी, एक चौकट ९ मिलिमीटरची, म्हणजे एकूण प्रकार साधारण एक मीटर बाय एक मीटरचा होतो, भिंत मोकळी असेल तरच घ्या. मूळ संख्या निळ्या, जोडमूळ (म्हणजे दोनच्या अंतरावरच्या दोन मूळ संख्या) असतील तर केशरी, बाकी सगळं पांढरं. नळकांड्यातून गुंडाळून येतो आणि गुंडाळीची सवय काही सोडत नाही, आमच्याकडे वरचे कोपरे दोन आठवडे पुस्तकांखाली दाबून ठेवले तरी खालचा डावा कोपरा अजून वर येतो. लॅमिनेशन चकचकीत आहे, समोर ट्यूबलाइट असेल तर मधल्या वीस-पंचवीस रांगा दिसतच नाहीत, डोकं वाकडं करून बघावं लागतं. सोबतचा पुसता येणारा मार्कर चांगला आहे, खरंच पुसला जातो. सोबत बारा पानांची माहितीपुस्तिका आहे, तिच्याबद्दल पुढे बोलतोच.

लावल्यावर दहा मिनिटांत आमच्या लेकीनं पहिली चूक पकडली. सातवीत आहे. "बाबा, यांनी १ पण रंगवलाय." बघितलं तर खरंच, अगदी डावीकडे वर, पहिलीच चौकट निळी! म्हणजे घरात शिरताना उंबऱ्यालाच ठेच. मूळ संख्येला बरोब्बर दोन विभाजक लागतात, १ आणि ती स्वतः, आणि १ ला एकच आहे, विषय संपला. आता न्यायाने बोलायचं तर पूर्वी १ ला मूळ मानणारे होते, लेहमर नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९१४ मध्ये एक कोटीच्या थोडं पुढेपर्यंतच्या मूळ संख्यांची यादी छापली होती तिची सुरुवातसुद्धा १ पासूनच आहे. पण आता कोणी तसं करत नाही, आणि कारणही साधं आहे. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३, एवढेच, दुसरा मार्ग नाही. १ ला आत घेतलं की १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ असं कितीही लांबवा, म्हणजे "एकाच प्रकारे अवयव पडतात" या वाक्याची वाटच लागली. कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं की काही जण १ ला मूळ संख्या मानतात. बरं.

पण माझी मोठी तक्रार १ बद्दल नाहीच. मोठी तक्रार आहे ती शंभर चौकटींच्या रांगेबद्दल.

तक्ता लांबून बघितला की पहिल्यांदा काय दिसतं तर उभे पट्टे. स्पष्ट, गजासारखे. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, अरे वा, केवढा पॅटर्न आहे! आणि पुस्तिकाही तेच म्हणते, "पाहा मूळ संख्यांची शिस्त". तर ही शिस्त मूळ संख्यांची नाहीये हो, ही आपल्या दहाची आहे. शंभरची रांग केली की एका उभ्या रकान्यात शेवटचे दोन अंक सारखे येतात, आणि सम संख्या किंवा ५ ने संपणारी संख्या २ आणि ५ सोडून मूळ असूच शकत नाही, म्हणजे १०० पैकी ६० रकाने कायमचे पांढरे (त्यातल्या दोघांच्या डोक्यावर तेवढे २ आणि ५ बसलेत) आणि उरलेल्या ४० रकान्यांत सगळा माल. दिसणारच पट्टे! जे दिसतंय ते २ आणि ५ ने काय खोडलंय ते, मूळ संख्या कशा बसल्यात ते नाही. या ४० रकान्यांबद्दल सांगण्यासारखी गोष्ट खरंतर वेगळीच आहे, ती म्हणजे खाली कितीही रांगा वाढवत नेल्या तरी यातला एकही रकाना कधी आटत नाही, प्रत्येकात अनंत मूळ संख्या सापडतात, हे डिरिक्ले या जर्मन गणितज्ञाने १८३७ मध्ये सिद्ध केलंय. पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही.

नीट बघितलं तर तिरक्या पांढऱ्या रेषाही दिसतात, वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरणाऱ्या. मला वाटलं चला हे तरी काहीतरी गूढ असेल. नाही. एक रांग खाली म्हणजे १०० ची भर, एक चौकट डावीकडे म्हणजे १ वजा, एकूण ९९, आणि ९९ म्हणजे ३ × ३ × ११. त्यामुळे ३ चा पट असलेल्या चौकटीवरून तिरकं उतरत गेलं की सगळेच ३ चे पट, अख्खी रेषा पांढरी. ११ चंही तसंच. ७ साठी एक खाली दोन डावीकडे, ९८. हे एकदा कळलं की तक्त्यावरची सगळी "नक्षी" उलगडते, आणि ती उलगडते म्हणजे नाहीशीच होते.

म्हणून मग आम्ही दोघांनी आलेखकागदावर आपला तक्ता बनवला, रांगेत फक्त ६ चौकटी. कोणीही घरी करून बघावं असा प्रकार आहे. १ ते ६ पहिली रांग, ७ ते १२ दुसरी, असं करत गेलं की २ आणि ३ सोडून सगळ्याच्या सगळ्या मूळ संख्या दोनच रकान्यांत येतात, पहिल्या आणि पाचव्या, बाकी चार रकाने कोरे. जोडमूळ जोड्या म्हणजे ५-७, ११-१३, १७-१९ या नेहमी ६ च्या पटाच्या अलीकडे-पलीकडे का असतात ते समजावून सांगावंच लागत नाही, दिसतं समोर (३-५ तेवढी अपवाद). ३० ची रांग केली तर आठच रकाने उरतात. रुंदी बदलली की नक्षी बदलते, एवढं एक वाक्य जरी पुस्तिकेत असतं ना तरी मी एक स्टार वाढवला असता.

रांगेच्या टोकाचा घोळ वेगळाच. ५९९ आणि ६०१ ही जोडमूळ जोडी आहे, पण ५९९ सहाव्या रांगेत पार उजवीकडे, ६०१ सातव्या रांगेत पार डावीकडे, मध्ये अख्खा एक मीटर. दोन्ही केशरी, दोन्ही एकेकटे, बघणाऱ्याला वाटतं छपाई चुकली. २९९९ आणि ३००१ चं तेच. तिथे एक छोटा बाण देता आला असता.

आता चांगलं. कारण एवढं सगळं बोलूनही तक्ता अजून भिंतीवर आहे, आणि तो आहे त्याचं कारण म्हणजे अंतरं. पट्टे विसरा, तिरक्या रेषा विसरा, एक रांग धरा आणि डावीकडून उजवीकडे नुसतं बोट फिरवत जा, एका रंगीत चौकटीपासून पुढच्या रंगीत चौकटीपर्यंत. ही मजा मोबाईलच्या स्क्रीनवर येत नाही, कारण स्क्रीनवर एका वेळी दिसतं किती!

पहिली रांग गजबजलेली, २५ मूळ संख्या. दुसरीत २१, आणि तिची सुरुवातच १०१, १०३, १०७, १०९ अशी चौघांनी एकत्र. तिसरीत एकदम १६. मग चौथीत १६, पाचवीत १७, सहावीत १४, सातवीत परत १६. दहाव्या रांगेपर्यंत एकूण १६८ होतात. शेवटच्या म्हणजे शंभराव्या रांगेत फक्त ९ उरल्यात. म्हणजे विरळ होत जातात हे खरं, पण उतारावरून पाणी गेल्यासारखं सरळ नाही, ठेचकाळत, मध्येच परत वर चढत.

माझ्या आवडीची जागा सांगतो, ९५ वी आणि ९६ वी रांग. ९५ व्या रांगेत, ९४०१ ते ९५००, तब्बल १५ मूळ संख्या आहेत, म्हणजे पार वरच्या ८०१ ते ९०० च्या रांगेत आहेत तेवढ्याच! त्यातही ९४३१, ९४३३, ९४३७, ९४३९ असे चार केशरी ठिपके जवळजवळ बसलेले, दुसऱ्या रांगेतल्या त्या चौघांची आठवण करून देणारे. आणि लगेच खालच्या ९६ व्या रांगेत फक्त ७. त्या ७ पैकी सहा ९५५१ पर्यंत उरकतात आणि मग नुसतं पांढरं, पांढरं, पांढरं, थेट ९५८७ पर्यंत. मध्ये ३५ संख्या, एकही मूळ नाही. अख्ख्या तक्त्यावरची ही सगळ्यात मोठी मोकळी जागा, ३६ चं अंतर. आणि ती आहे तक्त्यावरच्या एका भरगच्च रांगेच्या बरोब्बर खाली. पाहुण्यांना मी आता पट्टे दाखवत नाही, ही जागा दाखवतो. दुसरा नंबर १३२७ ते १३६१, अंतर ३४, आणि तो इतक्या वर, चौदाव्या रांगेतच. म्हणजे पुढच्या ८१ रांगांत त्याला मागे टाकणारं अंतर सापडतच नाही आणि मग सापडतं ते फक्त दोनने मोठं.

इथेच पुस्तिकेची सगळ्यात वाईट चूक आहे. पान ४ वर लिहिलंय, "जसजसे पुढे जाऊ तसतसे दोन मूळ संख्यांमधील अंतर वाढतच जाते". साफ चूक. वाढतं ते सरासरी अंतर. सुटं सुटं अंतर कधी २, कधी ३६, परत २. शेवटच्या रांगेत, जिथे ९ च मूळ संख्या आहेत, तिथेही ९९२९ आणि ९९३१ एकमेकींना चिकटून बसल्यात की, यांच्याच तक्त्यावर, यांच्याच केशरी रंगात! लिहिणाऱ्याने आपला तक्ता एकदा तरी बघायचा.

सरासरीचा हिशेब मात्र इतका सोपा आहे की तो मी मार्करने तक्त्याच्या कडेला लिहून ठेवलाय. शून्यं मोजा आणि २.३ ने गुणा. १०० च्या आसपास दोन शून्यं, ४.६, म्हणजे साधारण दर साडेचार-पाच संख्यांमागे एक मूळ. १०,००० च्या आसपास चार शून्यं, ९.२. दहा लाखाच्या आसपास १३.८. हा म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदमच, फक्त साध्या कपड्यांतला. ही गोष्ट गाऊस या जर्मन गणितज्ञाला पंधरा-सोळाव्या वर्षी लक्षात आली, लॉगॅरिदमच्या आणि मूळ संख्यांच्या याद्या हाताशी घेऊन. पुढे १८४९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एंकेला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की रिकामी पंधरा मिनिटं मिळाली की मी इथला-तिथला एखादा हजाराचा गठ्ठा मोजून काढायचो. वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण तोपर्यंत घरात माझ्याकडे जरा काळजीनेच बघत होते. त्याच्या पद्धतीने १०,००० पर्यंतचा अंदाज काढला तर १२४६ येतो, खरी संख्या १२२९, फरक १७ चा. हातात पेन आणि याद्या, बास, एवढ्यावर. हे असंच पुढे चालतं याची सिद्धता यायला १८९६ उजाडलं, आदामार आणि द ला व्हॅली पूसां या दोघांनी एकाच वर्षी, वेगवेगळं काम करून.

मोकळ्या जागा कितीही मोठ्या हव्या असतील तर त्यांची कृतीही आहे. १ ते १०१ पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करा, त्यात २ मिळवलेत तर उत्तराला २ ने भाग जातो, ३ मिळवलेत तर ३ ने, असं १०१ पर्यंत, झाल्या सलग १०० संख्या ज्यात एकही मूळ नाही. गडबड एवढीच की तो गुणाकार १६० अंकी आहे. प्रत्यक्षात एवढी मोकळी जागा खूप आधी मिळते, ३,७०,२६१ नंतरची पुढची मूळ संख्या थेट ३,७०,३७३. मग लेकीचा प्रश्न आला, जो मला सुचला नव्हता, की तक्त्यात अख्खी रांगच पांढरी असं कधी होईल? होतं. १६,७१,८०१ ते १६,७१,९०० ही पहिली पूर्ण कोरी रांग, आपल्या तक्त्याची १६,७१९ वी. नऊ मिलिमीटरच्या हिशेबाने तक्ता दीडशे मीटर लांब करावा लागेल. ती म्हणाली जिन्यातून खाली सोडू. कंपनीला सुचवायला हरकत नाही.

आणि उलट बाजूने, केशरी जोड्या कधी संपतात का? कोणालाच माहीत नाही. अनंत आहेत असं सगळ्यांना वाटतं, सिद्धता नाही. २०१३ पर्यंत तर परिस्थिती अशी होती की "अमुक इतक्या किंवा त्याहून कमी अंतरावरच्या जोड्या अनंत आहेत" असं कोणताही ठराविक आकडा घालून म्हणता येत नव्हतं. मग न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवणाऱ्या यितांग झांगने आकडा दिला, ७ कोटी. हसू येतं ना, २ हवं होतं आणि मिळालं ७ कोटी? पण ज्याला हात कुठे घालायचा तेच कळत नव्हतं त्याला दोरीचं टोक सापडलं. त्याच वर्षी जेम्स मेनार्डने वेगळ्या वाटेने ते ६०० वर आणलं आणि २०१४ मध्ये अनेकांनी मिळून २४६ वर. तिथेच थांबलंय. २४६ म्हणजे या तक्त्यावर अडीच रांगा. पुस्तिकेत झांगला दोन ओळी दिल्यात, त्याही "चिनी गणितज्ञाचा चमत्कार" छापाच्या, आणि उलाम या गणितज्ञाच्या गोष्टीला दोन पानं.

उलामची गोष्ट म्हणजे ती नेहमीचीच, १९६३ मध्ये एका कंटाळवाण्या व्याख्यानात बसल्या बसल्या त्याने मध्यभागी १ लिहून बाकीच्या संख्या चौकोनी गोलगोल फिरवत लिहिल्या, मूळ संख्यांना खुणा केल्या, आणि त्या कर्णांवर रांगा धरून बसलेल्या दिसल्या. हे सर्पिल तक्त्याच्या मागच्या बाजूला छापलंय. मागच्या! भिंतीवर लावायच्या वस्तूच्या मागच्या बाजूला! खाली काढून जमिनीवर पसरून बघितलं एकदा, सुंदर आहे, पुढच्या बाजूपेक्षा सुंदर आहे, कारण इथे नुसती दहाची नक्षी नाही. थोडी नक्षी सम-विषमची आहे (कर्णावर एका जातीच्याच संख्या येतात), पण काही कर्ण त्याहूनही जास्त भरतात आणि त्यामागे वर्गाची सूत्रं असतात. ऑयलरचं १७७२ चं सूत्र करून बघा, कुठलीही संख्या घ्या, तिचा वर्ग, अधिक तीच संख्या, अधिक ४१. ० पासून ३९ पर्यंत चाळीसच्या चाळीस वेळा मूळ संख्या मिळते. ४० ला १६८१ येतात म्हणजे ४१ × ४१, आणि जादू संपते. सर्पिलाची सुरुवात १ ऐवजी ४१ पासून केली की या चाळीसही जणी एका सरळ कर्णावर येतात. ही बाजू पुढे पाहिजे होती, आणि ती आकड्यांची जत्रा मागे.

पुस्तिकेत नसलेली पण तक्त्यावर दिसू शकणारी अजून एक गंमत. १ ने संपणाऱ्या मूळ संख्येनंतर लगेच पुढची मूळ संख्या परत १ ने संपणारी असं पहिल्यांदा कुठे होतं ते शोधा. ११ नंतर १३, ३१ नंतर ३७, ४१ नंतर ४३, ६१ नंतर ६७, ७१, १०१, १३१, १५१ सगळ्यांच्या बाबतीत नाहीच, पहिल्यांदा जमतं ते १८१ ला, पुढची १९१. मला वाटलं सुरुवातीला गर्दी असते म्हणून असेल. ते कारण आहेच, पण स्टॅनफर्डमध्ये रॉबर्ट लेमके ऑलिव्हर आणि कन्नन सौंदरराजन यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पहिल्या १० कोटी मूळ संख्यांपर्यंत गेलात तरी १ नंतर १ येण्याचं प्रमाण साधारण १८.५ टक्केच आहे, जिथे चार शेवटच्या अंकांत सारखी वाटणी झाली तर २५ हवं. शेजारणीसारखी साडी नको असं काहीतरी. शतकानुशतकं लोक या याद्या चाळतायत आणि हे एवढं ढळढळीत कोणाच्या नीट लक्षात यायला २०१६ लागलं, म्हणून मी म्हणतो तक्ता घ्या, बघत बसा, फक्त पट्ट्यांकडे बघू नका.

आता मुख्य तक्रार नंबर दोन. गाऊसचं वाचून मलाही खुमखुमी आली, रात्री दहा-बारा रांगा असं करत दीड आठवड्यात अख्खा तक्ता मोजला. आले १२३१. हवेत १२२९. एक जास्तीचा म्हणजे तो १, ते माहीत होतं. दुसरा कोण? मोजताना माझंच चुकलं असेल म्हणून परत मोजलं, परत १२३१. मग फोनवर छोटासा प्रोग्राम लिहून प्रत्येक रांगेची संख्या काढली आणि एकेक रांग ताडून बघितली. ८१ व्या रांगेत ११ हव्यात, तक्त्यावर १२. आणि त्या बारांत एक केशरी जोडी होती, ८०५१ आणि ८०५३, फार सभ्य चेहऱ्याने बसलेली. प्रोग्राम म्हणत होता ८०५३ मूळ आहे, ८०५१ नाही.

लेकीला म्हटलं हिचे अवयव पाड. तिने २, ३, ५, ७, ११ करत सुरुवात केली आणि ३७ ला कंटाळून पेन टाकलं. दोष तिचा नाही, ८०५१ चा लहानातला लहान मूळ अवयव ८३ आहे, म्हणजे २२ भागाकार फुकट गेल्यावर तेविसावा लागतो. मग तिला दुसरी वाट दाखवली, फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची. ८०५१ च्या लगेच वरचा वर्ग कोणता? ९० चा, ८१००. किती कमी? ४९. ४९ म्हणजे? ती एकदम ताठ बसली. ९० चा वर्ग वजा ७ चा वर्ग, म्हणजे ९० वजा ७ गुणिले ९० अधिक ७. ८३ × ९७. वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र तिला अजून शाळेत यायचंय, पण आता ते तिचं झालं, या चुकीच्या चौकटीपायी.

ही चूक झाली कशी याचा मी बराच विचार केलाय. इरॅटोस्थेनिसच्या चाळणीने (एकेका मूळ संख्येचे पट खोडत जायचं, उरतील त्या मूळ) १०,००० पर्यंतचा तक्ता करायला ९७ पर्यंतच्या २५ मूळ संख्यांचे पट खोडले की पुरतं. चाळणी ७९ ला थांबवली असती तर ८०५१ सुटली असती, पण मग ८३ × ८९ म्हणजे ७३८७ पण सुटली असती, ८३ × १०१ म्हणजे ८३८३ पण. त्या दोन्ही बरोबर पांढऱ्या आहेत. म्हणजे चाळणी ठीक होती, नंतर कोणीतरी हाताने ही एक चौकट रंगवली आणि वर ८०५३ लाही केशरी केलं. त्यामुळे तक्त्यावर जोडमूळ जोड्या २०६ भरतात, खऱ्या २०५ आहेत. छापील तक्त्यांचं नशीबच जरा खोटं असतं म्हणा, अठराव्या शतकात फेल्केलने व्हिएन्नात अवयवांचे मोठे तक्ते सरकारी खर्चाने छापले, गिऱ्हाईक मिळालं नाही, आणि तो कागद शेवटी तुर्कांविरुद्धच्या लढाईत काडतुसं वळायला वापरला गेला. आमचा निदान भिंतीवर आहे.

घ्यावा का? मूल पाचवी ते नववीत असेल आणि घरात कोणीतरी त्याच्याबरोबर तक्त्यापुढे उभं राहणार असेल तर घ्या. नुसता लावून ठेवायला घेणार असाल तर सहा चौकटींचा आलेखकागद जास्त शिकवेल. पुस्तिका वाचू नका. पाचपैकी तीन स्टार, अंतरांसाठी तीन, बाकी सगळ्यासाठी शून्य.

८०५१ चं कंपनीला फोटोसकट, गुणाकारासकट कळवलं. १ च्या वेळेसारखा वाद नाही घातला, आठ दिवसांत एक पाकीट आलं, आत नऊ मिलिमीटरचा एक पांढरा स्टिकर, त्यावर बारीक ८०५१ छापलेलं. लावला, बेमालूम बसला. फक्त शेजारची ८०५३ अजून केशरीच आहे, जोडीदाराशिवाय. तिच्यासाठी निळा स्टिकर पाठवा म्हणून परत लिहिलंय, तोपर्यंत लेकीनं मार्करने तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.